रुमालाखाली

मार्केट यार्डात पस्तीस वर्षं
मी बोटांनी बोललो आहे.
रुमालाखाली घेणाऱ्याचा हात, माझा हात,
एक बोट दाबलं की शंभर, अख्खा पंजा धरला की पाचशे,
आणि चेहरे असे, जणू दोघंही कृष्णेचं पाणी बघतोय.
म्हणून असेल, घरात मला बोलणं कमी.

विब्के ऑगस्टात आली.
त्याच आठवड्यात आमची त्रिशला तिच्या घरी गेली, एम्डेनला,
तिच्याच खोलीत, तिच्याच पलंगावर.
मुलींची अदलाबदल. भाव ठरला नव्हता.

डिसेंबर लागला तशी पोरगी गप्प झाली.
बायको म्हणाली, तिची दिवाळी जवळ आली.
मैदा, लोणी, दालचिनी मळून
दोन पत्रे घेऊन दोघी मुजावरांच्या बेकरीत गेल्या,
नानकटाई भाजायला जातात तशा.
"चांदण्या काय ह्या? कडा करपतील वैनी,
मी स्वतः भट्टीसमोर थांबतो."

झाड मिळेना. प्लास्टिकचं ती नको म्हणाली.
दिग्रजच्या बांधावरून सुरूची फांदी आणली,
तेलाच्या डब्यात खडी भरून उभी केली,
तरी ती जराशी दाराकडे कललेलीच.
तिच्याकडे गव्हाच्या काडाच्या चांदण्या करतात म्हणे.
तिनं उसाचं पाचट भिजवलं, इस्त्री फिरवली,
बोटं कापली, चांदण्या झाल्या.
बायकोनं लाल दोऱ्यात हळकुंडं ओवून मधे मधे टांगली.
शेजारचे चौगुले डोकावून म्हणाले,
लग्न कुणाचं?

मग बटाट्याचा प्रश्न.
चोवीस तारखेला तिच्या घरी बटाट्याची कोशिंबीर,
आमच्या घरात जमिनीखालचं शिजत नाही.
पोर हिशेबी. म्हणाली, "काका, हळद?"
पस्तीस वर्षांत कुठल्या व्यापाऱ्यानं
मला असं पेचात धरलं नव्हतं.
"वाळली की चालते," मी म्हणालो.
कोशिंबीर कच्च्या केळ्याची झाली, वर मोहरीची फोडणी.

आणि सूर्याचं काय करायचं?
आम्ही दिवेलागणीच्या आत जेवतो,
तिचा सण अंधार पडल्यावर सुरू होतो.
आमची ताटं घासून झाली तेव्हा
ती फांदीशी चार मेणबत्त्या लावून बसलेली.
सणाला माणसानं एकट्यानं जेवायचं?
बायकोनं दोन रिकामी ताटं काढली,
एक स्वतःपुढं, एक माझ्यापुढं,
आणि लग्नानंतर पहिल्यांदा
आमच्या घरात दिवा लागल्यावर वाढणं झालं.
तिनं जेवावं. आम्ही नुसतं ताटाशी बसावं.

साडेआठला फोन.
त्रिशला, लोकरीची टोपी, गाल लाल.
"पप्पा, इथं चारलाच मावळतो.
ह्यांनी यंदा ताटंच साडेतीनला मांडली.
आजोबासुद्धा जेवले, कुरकुरत."
मागून विब्केची आई हात हलवत होती.
विब्केनंही हलवला. मग ती मोरीत गेली
आणि नळ बराच वेळ चालू राहिला.

बायकोनं डोळ्यांनी खुणावलं, जा.
जाऊन बोलू काय?
खुंटीवरचा रुमाल घेतला,
तिच्या ओल्या हातावर टाकला, खाली माझा हात नेला,
एक बोट दाबून विचारलं, यार्डात विचारतो तसं.
गणपतीत गंमत म्हणून शिकवलेलं, विसरली असेल वाटलं.
ती हसली नाही. थांबली.
मग माझा अख्खा पंजा धरला,
सोडला, आणि दोन बोटं.

सात.
सात काय? परतायला उरलेले महिने?
हजार किलोमीटर?
की आज तिच्या टेबलाशी बसलेली सात माणसं,
त्यातलं एक आमचं?

विचारलं नाही.
रुमालाखालचा भाव मोठ्यानं बोलायचा नसतो.
मीही पंजा धरला, मग दोन बोटं.
सौदा झाला.

रुमाल पार भिजला होता.
तसाच खुंटीला लावला.
पहाटे यार्डात निघताना खांद्यावर टाकला,
तर वाळला होता.